धुतलेली खडी

आमच्या ताईला जळायला फार काही लागत नाही. मी जन्मले तेव्हा ती जेमतेम शाळेत जायला लागली होती, आणि मला आईच्या कुशीत पाहून तिनं विचारलं म्हणे, की हिला परत कधी नेणार. आई ही गोष्ट हसत हसत सांगायची. ताई हसायची नाही. पुढे वर्गातल्या मैत्रिणीनं दुसरीबरोबर डबा खाल्ला की ताईला ताप यायचा, खराखुरा ताप, औषध द्यावं लागायचं. हेवा लोकांच्या पोटात दुखतो, हिच्या सगळ्या अंगात दुखायचा.

पण एक सांगते, आणि बहीण म्हणून सांगत नाही. दागिने, साड्या, कुणाचं मोठं घर, यावरून ताई कधी जळली नाही. शेजारणीनं नवा फ्रिज घेतला तर ही जाऊन त्याचे कप्पे पुसून देईल. ती जळायची माणसांवरून. आपलं माणूस आपल्यापेक्षा दुसऱ्याशी जास्त बोललं, की तळपायाची आग मस्तकात.

तिनं सगळी नोकरी हॉस्पिटलात काढली. डॉक्टर नाही, नर्स नाही. ऑपरेशन झालं की रक्ताने माखलेले चिमटे, कात्र्या आणि ट्रे ज्या खोलीत येतात, त्या खोलीत ती असायची. प्रत्येक चिमट्याचा सांधा उघडून ब्रशनं घासायचा, उजेडात धरून बघायचा, वाफेच्या मशीनमध्ये घालायचा, कापडात बांधून परत पाठवायचा. ताईच्या हातून गेलेला ट्रे कधी कुणी नाक मुरडून परत पाठवला नाही, आणि हे ती ओळख झाल्याबरोबर सांगते. घरातही तोच कायदा. जिथं बुळबुळीत तिथं जंतू, जिथं जंतू तिथं मरण. तिच्याकडे पाहुण्यानं कप खाली ठेवायचा अवकाश, तो उकळत्या पाण्यात गेलेला असतो.

भावजी, म्हणजे ताईचे यजमान, लिफ्ट दुरुस्त करायचे. बाहेर हा माणूस तोंड उघडायचा नाही. लिफ्टच्या खोलीत उभा राहून नुसता आवाज ऐकायचा आणि कुठला भाग गेला ते ओळखायचा. घरी आल्यावर मात्र जेवताना त्यांची टकळी सुरू व्हायची. आज कुठली लिफ्ट अडकली, आत कोण होतं, अडकलेला साहेब कसा घाबरला, कुठल्या बाईनं आतल्या आत भाजी निवडून घेतली. ताई ऐकायची आणि मधूनमधून टोमणे मारायची. त्यांना मूलबाळ नाही, त्या दोघांचा संसार या गप्पांवरच चालला असं माझं मत आहे. मी त्यांच्या समोरच्याच दारात राहते. माझ्या घरी नवरा जेवताना टीव्हीशी बोलतो. मला जळायचंच झालं तर टीव्हीवर जळावं लागेल, आणि तोही जुना झालाय.

भावजी निवृत्त झाले आणि गप्पा आटल्या. सांगायला दिवसच उरला नाही. ते खुर्चीत बसून राहायचे आणि ताई त्यांच्या पायांभोवतीची फरशी पुसायची. ताई म्हणायची, दोघं निवृत्त झालो की रोज बोलू असं वाटलं होतं, आता रोज एकमेकांकडे बघतो. हे ती हसून सांगायची, पण मला ते हसणं माहीत आहे.

अशात भावजींनी मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ पाहिला आणि दुसऱ्या दिवसापासून गॅलरीत करवत चालू झाली. एक निळं पिंप आडवं कापून त्याची टाकी केली. तिच्यावर लोखंडी घोडा, घोड्यावर पसरट टब, टबात बारीक खडी. टाकीत मासे सोडले, तिलापिया नावाचे, बोटाएवढे. छोटा पंप माशांचं पाणी उचलून वरच्या टबात टाकायचा, ते खडीतून झिरपून पुन्हा खाली माशांत पडायचं. खडीत रोपं लावली, पालक, पुदिना, टोमॅटो. माती औषधालाही नाही. माशांच्या घाणीवर झाडं वाढतात आणि झाडांनी गाळलेल्या पाण्यात मासे जगतात, असं भावजींनी समजावलं. याला अ‍ॅक्वापोनिक्स म्हणतात, असंही सांगितलं. ताई म्हणाली, म्हणजे एकमेकांचं उष्टं खातात, एवढंच ना. त्या दिवसापासून तिनं त्याचं नाव डबकं ठेवलं.

डबक्याचा तिला सुरुवातीला राग नव्हता. उलट भावजी खुर्चीतून उठले म्हणून ती खूश होती. पण हळूहळू तिच्या लक्षात आलं, की हा माणूस सकाळी उठल्याबरोबर आधी गॅलरीत जातो. तिच्याकडे चहा मागायच्या आधी माशांना दाणे घालतो. पाऊस असो, थंडी असो, तिथं स्टूल टाकून बसतो आणि पंपाचा आवाज ऐकत राहतो. तिनं एकदा मला विचारलं, की लग्न झाल्यापासून मी जेवले का हे यांनी कितीदा विचारलं असेल, सांग. मी म्हटलं, मला कसं माहीत. ती म्हणाली, मला माहीत आहे, आणि माशांना रोज दोनदा विचारतात. वर म्हणाली, सवत परवडली, निदान कोरडी तरी असते.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण टब एका बाजूनं गळत होता, आणि गळणारं पाणी खालच्या मजल्यावरच्या गॅलरीत टपकत होतं. तिथं एक बाई एकटीच राहायच्या. शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, उंच, जाड चष्म्याच्या, आणि बोलणं असं की समोरच्यानं वही काढावी. ताईनं त्यांचं नाव रसायनबाई ठेवलं होतं, ते बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी उचललं. तर रसायनबाई पाणी टपकतं म्हणून भांडायला वर आल्या. टाकीपाशी आल्या, वाकून पाहिलं, वास घेतला आणि भांडण विसरल्या. पाण्यात अमोनिया किती आहे ते तपासलं का, असं भावजींना विचारलं. भावजींनी तो शब्दच पहिल्यांदा ऐकला होता. दुसऱ्या दिवशी बाई काचेच्या नळ्या आणि औषधाच्या बाटल्या घेऊन हजर. नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, हलवायचं. पाणी पिवळं झालं तर मासे सुखात. हिरवट झालं तर पाण्यात विष साठतंय.

त्यानंतर त्या रोज यायला लागल्या. दोघं नळी उजेडात धरून उभी राहायची, हा पिवळा की पोपटी, यावर त्यांचं बोलणं चालायचं. आणि खरं सांगायचं तर भावजी पुन्हा बोलायला लागले होते. टकळीच. कुठला मासा दांडगट आहे, पंप कसा कुरकुरतो, टोमॅटोची पानं का वळली. फक्त ऐकायला रसायनबाई होत्या. ताई आतून चहा आणून ठेवायची आणि दोन कप परत न्यायची. कानामागून आली आणि तिखट झाली, असं ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन म्हणायची आणि माझे धुतलेले कप पुन्हा धुवायची.

मी तिला म्हटलं, तूही जाऊन बस की त्यांच्यात. ती म्हणाली, मी बसले की दोघं गप्प होतात आणि मला समजावून सांगायला लागतात. समजावलेलं मला नको, सांगितलेलं हवं. ती जळकी आहे, पण चुकीचं बोलत नव्हती.

मग भावजींच्या एका डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता, पण आधी एकाचा काढायचा होता. त्यांच्या थोरल्या भावालाही तोच त्रास, म्हणून दोघा भावांनी एकदमच उरकायचं ठरवलं आणि भावजी काही दिवस भावाच्या गावी राहणार होते. ताईही बरोबर जाणार होती, तिनं आपल्या दोघांची बॅग भरली. निघायच्या आदल्या संध्याकाळी तिला कळलं, की भावजींनी घराची किल्ली रसायनबाईंना दिली आहे, माशांना दाणे घालायला. ताईनं बॅग उघडली, आपले कपडे काढून कपाटात ठेवले आणि म्हणाली, तुम्ही जा, मी घरातच आहे. माझ्या घरात परकी बाई किल्ली फिरवणार नाही. भावजी म्हणाले, अगं, तुला कंटाळा येतो त्या डबक्याचा, तू त्याच्यासाठी मागे राहणार नाहीस म्हणून दिली. ती म्हणाली, तुम्हाला कुणी सांगितलं. आणि खाली जाऊन किल्ली परत घेऊन आली.

भावजी गेले. पहिल्याच सकाळी ताई दाणे घालायला गॅलरीत गेली आणि तिनं पहिल्यांदा त्या खडीत हात घातला. तपकिरी, बुळबुळीत साय हाताला लागली. प्रत्येक खड्यावर होती, पाइपात होती, टाकीच्या भिंतींवर होती. नोकरीत असती तर असा ट्रे बघून तिनं कुणाला तरी रडवलं असतं. ती मला हाक मारून म्हणाली, हे बघ, हिच्या नळ्या आणि हिचे रंग. शिकलेली बाई रोज इथं येऊन उभी राहते आणि एवढी घाण तिला दिसत नाही. आता मी दाखवते स्वच्छता कशाला म्हणतात.

मला वाटलं, होऊ दे, तेवढाच राग निघेल. पाण्याचा क्लोरीन उडवायला ते आधी पिंपात उघडं ठेवावं लागतं, हे तिनं भावजींकडून ऐकलेलं होतं. तसं तिनं ठेवलं. मग मासे बादल्यांत काढले. रोपं उपटून त्यांची मुळं धुतली. खडी मोठ्या पातेल्यात घालून गॅसवर उकळली, एकदा नाही, तीनतीनदा, पाण्याला रंग येईनासा होईपर्यंत. पाइप सुटे करून बाटली धुवायच्या ब्रशनं आतून घासले. टाकी कोरडी पुसली. मग सगळं जसंच्या तसं जोडलं, रोपं खोचली, ठेवलेलं पाणी भरलं, मासे सोडले. खडी मोत्यासारखी चमकत होती आणि टाकीच्या तळाशी पडलेलं एक नाणंसुद्धा वाचता येत होतं. ताईनं गॅलरीत खुर्ची टाकली आणि तिथं बसून चहा प्यायली. मी तिला इतकी सुखी फार दिवसांनी पाहिली. हे आता पाहतील, असं ती दोनदा म्हणाली.

भावजी आले ते एका डोळ्यावर पांढरं कवच लावून. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. दुसऱ्या डोळ्यानं त्यांना माणूस आणि कपाट एवढा फरक कळत होता. चपला काढून ते तसेच चाचपडत गॅलरीत गेले. ताई त्यांच्या मागे उभी, तोंडावर हसू मावत नव्हतं. भावजी थोडा वेळ पंपाचा आवाज ऐकत राहिले. मग टबात हात घातला. बोटं खडीत फिरवली, बाहेर काढली, अंगठ्यानं चोळून पाहिली आणि पुन्हा घातली, जरा खोल.

"खडी धुतलीस?" त्यांनी विचारलं.

"उकळली," ताई म्हणाली. "पाइपसुद्धा आतून घासलेत. त्यांना जन्मात एवढं स्वच्छ घर मिळालं नसेल."

भावजी स्टुलावर बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितलं, की ती साय म्हणजेच सगळं होतं. मासे पाण्यात विष सोडतात आणि त्या सायीतले जंतू ते विष खाऊन त्याचं झाडांचं खत करतात. ती साय धरायला सगळा हिवाळा गेला होता, पहिले मासे त्यातच मेले होते. आता पाणी स्वच्छ दिसेल आणि मासे आपल्याच घाणीत गुदमरतील. ताई ऐकत होती. जिनं आयुष्यभर जंतू मारले, तिला घरात पोसायचे जंतू असतात हे कुठून कळणार? मला तिची दया आली, आणि थोडा रागही आला, की हा माणूस जे रोज खालच्या बाईला सांगत होता ते बायकोला एकदा सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं.

"बाईंना बोलावून घे," भावजी म्हणाले. "त्यांना काहीतरी सुचेल."

"काही नको," ताई म्हणाली. "त्या काय करतात, थेंब टाकतात आणि रंग बघतात. मला डोळे आहेत."

भावजींनी मानलं. त्यांना दिसत नव्हतं, वाकता येत नव्हतं, आणि बहुधा तिला आणखी दुखवायचं नव्हतं. तेव्हापासून ताई रोज नळीत पाणी घ्यायची, थेंब टाकायची आणि रंग सांगायची. पहिल्या दिवशी पिवळा होता. दुसऱ्या दिवशी पिवळा होता. मग एक दिवस पोपटी झाला, आणि ताई म्हणाली, पिवळा. रसायनबाई दोनदा दार वाजवून गेल्या. ताईनं दारातूनच सांगितलं, की यांना विश्रांती हवी आहे, आणि मासे छान आहेत.

भावजी दुपारी झोपले की ती बादल्या भरभरून पाणी बदलायची. माझ्याही घरातली पिंपं तिनं पाण्यानं भरून ठेवली, मला आंघोळीला जागा उरली नाही. तरी मासे वर येऊन तोंडं उघडीमिटी करायला लागले. एक मेला. तो तिनं वर्तमानपत्रात गुंडाळून बिल्डिंगच्या कुंपणाशी पुरला. मग आणखी दोन. भावजी दाणे टाकायचे आणि कान द्यायचे. एकदा ते म्हणाले, फडफड कमी ऐकू येते गं, रंग पिवळाच आहे ना? ताई म्हणाली, पिवळाच. मी तिथंच उभी होते. नळीतलं पाणी बाटलीच्या काचेसारखं हिरवं होतं.

मी तिला धरून माझ्या घरी आणलं आणि दार लावलं. तिला चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, खोटं बोलून मासे जगत असते तर सगळ्या कोळ्यांनी राजकारणात जायला हवं होतं. हे मेले की भावजी परत त्या खुर्चीत बसतील, आणि या वेळी तुझ्याकडे बघणारसुद्धा नाहीत. बोलव त्या बाईला.

ताई रडली नाही. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिनं स्पष्ट सांगितलं, "ती आली की त्यांच्या शेजारी उभी राहील. मी चहा आणेन. आत्ता ते मला विचारतात, रंग कुठला. ऑपरेशन झाल्यापासून रोज विचारतात. एवढंच माझ्याकडे आहे, तेही देऊ का?"

"मग बाईला नको बोलावू, नुसती खडी आण," मी वैतागून बोलून गेले. "तिच्या गॅलरीत आहे की बुळबुळीत खडी. भावजींनीच करून दिलंय तिला बादलीत, लहानसं."

मला ते माहीत होतं, कारण कपडे वाळत घालताना मला माझ्या गॅलरीतून तिरकं खाली दिसायचं. ताईला बरोबर वरून दिसत नसे, तिला माहीत नव्हतं. तिचा चेहरा असा उतरला की मी जीभ चावली. तिच्यासाठी त्यांनी साधा कपड्यांचा दांडा लावायला वर्ष काढलं होतं आणि त्या बाईला आख्खं डबकं करून दिलं होतं. तिच्या कपाळाला हात लावला तर कढत. मग तिनं मोरीतली रिकामी बादली उचलली आणि जिना उतरायला लागली. मी मागोमाग गेले, कारण ती भांडायला चाललीय की मागायला, हे मला कळत नव्हतं. बहुधा तिलाही नसावं.

रसायनबाईंनी दार उघडलं. ताईनं बादली पुढे केली.

"तुमच्याकडची घाण हवी आहे," ती म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग बादलीकडे. "रंग काय आहे?"

"हिरवा. गर्द हिरवा. तीन मेले."

बाई आम्हाला आतून गॅलरीत घेऊन गेल्या. घर नीटनेटकं होतं, ताईनं नाव ठेवावं असं काही नव्हतं. टेबलाला एकच खुर्ची. ओट्यावर एकच कप पालथा. गॅलरीत कोपऱ्यात ती बादली, वर खडीनं भरलेली कुंडी, तिच्यात पुदिना, आणि खाली पाण्यात बारके मासे. मला वाटलं त्या ओंजळभर देतील. त्यांनी पुदिना बाजूला काढला आणि कुंडीच्या कुंडी आमच्या बादलीत पालथी केली. तपकिरी पाणी त्यांच्या हातांवरून वाहिलं.

ताई म्हणाली, अर्धी पुरे. बाई म्हणाल्या, अर्धीनं तुमचे जगणार नाहीत आणि माझेही जगणार नाहीत, त्यापेक्षा एकीकडचे तरी जगू देत. मग वर्गात सांगावं तसं सांगितलं, की ही खडी धुवायची नाही, टबात मधोमध पसरायची, दाणे अगदी थोडे घालायचे आणि रोज थोडं पाणी बदलायचं. शेवटी त्यांनी आपले मासेही एका डब्यात काढून ताईच्या हातात दिले. खडीशिवाय ते इथं राहू शकणार नव्हते. आम्ही निघालो तेव्हा त्या रिकाम्या बादलीचा तळ फडक्यानं पुसत होत्या.

जिन्यात ताई थांबली आणि माझ्या कानाशी म्हणाली, सुंठीवाचून खोकला गेला. आता तिच्याकडे ना मासे, ना खडी, वर यायला कारणच नाही. ती जिंकली होती, आणि चिखलाची बादली छातीशी धरून उभी होती. मला तेव्हा तिला एक ठेवून द्यावीशी वाटली. पण तिच्या हातात मासे होते.

खडीनं काम केलं. हळूहळू हिरवा पोपटी झाला आणि पोपटीचा पिवळा झाला, खरा पिवळा. ताई स्वतःच्या हातानं खडी चाचपून बघायची आणि बुळबुळीत लागली की समाधानानं हात पुसायची. टोमॅटोला नवी फूट आली. मधल्या काळात भावजींच्या डोळ्यावरचं कवच निघालं. त्यांनी टाकीत नीट वाकून पाहिलं, आणि त्यांना बारके मासे दिसले.

"हे आपले नाहीत," ते म्हणाले.

तेव्हा ताईनं सगळं सांगितलं, काहीही झाकून न ठेवता. रंग खोटा सांगितला तेही, मेलेले मासे कुठे पुरले तेही. भावजी रागावले नाहीत. ते फक्त विचारत गेले.

"खडी किती दिली त्यांनी?"

"सगळी."

"आणि मासे?"

"तेही सगळे."

भावजींनी पाण्यातून नजर वर केली. "मग त्यांच्याकडे काय ठेवलंस?"

भावजी पंपाची नळी उगाच सरळ करत बसले. ताई माझ्याकडे आली. कप धुवायला घेतला आणि तसाच ठेवून दिला. म्हणाली, एकच कप होता गं तिच्या ओट्यावर. मी म्हटलं, पाहिला होता मी. ती म्हणाली, पाहिला मीही होता, तेव्हा मला बरं वाटलं होतं. मग तिनं पदर खोचला आणि उठली.

आम्ही दोघी खाली गेलो, या वेळी बादली नव्हती. बाईंनी दार उघडलं आणि आधी मासे कसे आहेत ते विचारलं. ताई म्हणाली, छान आहेत. खरंच छान आहेत. आमच्या खडीवर साय धरली की तुमची अर्धी परत आणून देणार आहे, मासेही. पण तोवर वर या.

"मी कशाला?" बाई म्हणाल्या. "आता त्यांचा डोळा उघडलाय. तुम्हालाही जमतं."

"त्यांना पिवळा आणि पोपटी अजून कळत नाही, दुसरा डोळा व्हायचाय," ताई म्हणाली. "आणि मी खोटं सांगते."

बाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. आलेच म्हणाल्या, आणि आत गेल्या. आम्ही दारात थांबलो. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला. ताईनं मान वाकडी करून आत पाहिलं आणि माझ्या दंडाला चिमटा काढला.

"बघ, केस विंचरतेय," ती दबक्या आवाजात म्हणाली. "मासे बघायला यायचं तर केस कशाला विंचरायचे?"

मी म्हटलं, गप्प बस. ती गप्प बसली, पण बाई येईपर्यंत दारातून हलली नाही.